हुमल्यांनी ठरवलेली हद्द

मोजणीवाल्या बाईंनी दोन बागांच्या मधे बांबू आडवा टाकला आणि सुगंधाने पलीकडे उभ्या असलेल्या जावेकडे पाहिलं. आता नवऱ्याच्या काजूंवरचे हुमले, त्या तांबड्या चावऱ्या मुंग्या, एका टोकाने चढणार, दिराच्या काजूंवरचे दुसऱ्याने. मधे जिथे लढून मुंग्यांची प्रेतं पडतील, तिथे सरकारी कुंपण. कायदाच तसा झाला होता. माणसं खोटं बोलतात, मुंग्या बोलत नाहीत. आणि कुंपण पडलं की पलीकडे जायची वाट बंद.

दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

हुमले समोरासमोर आले. सुगंधाने डोळे मिटून घेतले. उघडले, तर एक हुमला दुसऱ्याला चक्क घास भरवत होता. मग दोन्ही रांगा एकमेकींत मिसळून गेल्या.

“हे काय?” तिचा नवरा गरजला.

“दोन्हीकडच्या मुंग्यांचा वास एकच आहे,” बाई म्हणाल्या. “त्यावरून त्या आपलं-परकं ओळखतात. वास येतो खाण्यातून. काय घालता यांना?”

“घरातलं उष्टं.”

“आम्हीपण,” दीर पुटपुटला.

“मग रांधणं एकाच चुलीवर होत असणार.”

पलीकडे जावेने तोंडाला पदर लावला. सुगंधाला हसू आवरेना.

“तुम्ही भांडलात तेव्हापासून एक दिवस दोन्ही घरचं ती रांधते, एक दिवस मी,” सुगंधा नवऱ्याला म्हणाली. “काल बोटं चाटलीत ते बांगड्याचं तिखलं तिच्या हातचं.”

“दादा,” दोन वर्षांत पहिल्यांदाच दीर बोलला, “मीपण चाटली.”

नवरा खाकरून म्हणाला, “आज पाळी कुणाची?”