मधली खुर्ची

"पुढच्या शनिवारपासून माझ्या मुलीला एकटीला शिकवायचं. वर्ग बंद."

दार न वाजवताच आई आत आली होती. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती. कारखान्यातली वीज गेली, गणवेशांचं काम थांबलं, म्हणून ती आज लेकीला न्यायला अर्धा तास आधी पोहोचली होती. हा अर्धा तास तिने दाराच्या काचेला नाक लावून काढला होता.

वर्ग नुकताच सुटला होता. अर्धगोलात आठ खुर्च्या, मधोमध एक. मधल्या खुर्चीवर तिची अकरा वर्षांची लेक मांडीवर व्हायोलिन घेऊन बसली होती. बाकीची आठ मुलं, त्यांतली सगळ्यांत छोटी आणि दोन जुळी भावंडं धरून, व्हायोलिनं ठेवायला आपापल्या पेट्या उघडत होती.

सरांनी मोबाइल खाली ठेवला. "अहो, एवढं काय झालं? वर्गात मुलं एकमेकांकडून शिकतात. एकटीला कंटाळा येईल तिला."

"कोण कोणाकडून शिकतं ते बघितलं मी आत्ता. तुम्ही मोबाइलमध्ये मान घालून बसला होता आणि ही आठ पोरं माझ्या पोरीच्या हाताकडे डोळे लावून बसली होती. दोन वर्षं झाली. त्याच चार धुना!"

"सगळ्यांना बरोबर घेऊन जावं लागतं. ताई आहे ती आमच्या वर्गाची."

"ताई" ऐकल्यावर आईचं डोकं आणखी तडकलं. कारण याच शब्दावर ती दोन वर्षं खूश होती. माझ्या पोरीला मधोमध बसवतात हो, सगळी तिला ताई म्हणतात, असं कारखान्यात तिनेच दहा जणींना सांगितलं होतं. आता ते आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

"महिन्यावर संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा आलीय," ती म्हणाली. "तिथे एकटीने वाजवायचं असतं. आठ जणांचं लटांबर घेऊन नाही."

"मग वाजवू दे की एकटीला," सर खुर्चीत मागे रेलले. "बघूच."

लेकीने एकदा आईकडे पाहिलं आणि व्हायोलिन खांद्याला लावलं. पहिली ओळ स्वच्छ निघाली. पेट्या बंद करणारे हात थांबले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मात्र गज तारेवरून उचलला गेला. एक श्वास, दोन श्वास. मग धून पुढे सरकली, चार सुरांनी पुन्हा थांबली.

"बघा," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. "एकटीला झेपत नाही. म्हणून म्हणतो, वर्गातच बरी आहे."

आईचा चेहरा उतरला आणि राग लेकीवर निघाला. "अडतेस कशी गं? रोज घरी तासभर काय करतेस मग?"

"अडले नाही. थांबले."

"का?"

"इथे छोटी चुकून दुसऱ्या तारेवर जाते. ती परत आली की पुढे जायचं."

"आणि नंतर?"

"तिथे जुळ्यांचं बोट उशिरा पडतं."

"आत्ता वाजवत होती का छोटी? जुळी वाजवत होती?"

लेक गोंधळली. तिने खरोखरच वळून त्यांच्याकडे पाहिलं. "नाही. पण सरांनी सांगितलंय, मी थांबले नाही तर वर्ग मोडतो."

आईने टेपचं टोक मुठीत इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली. पोरीने चुका पाठ केल्या होत्या. दुसऱ्यांच्या, एकूण एक, जागेसकट.

सर घसा खाकरत म्हणाले, "सवय आहे, जाईल. हवं तर बुधवारी आणा एकटीला, घेतो मी. पण शनिवारी वर्गाला येऊ दे हं. नाहीतर या सगळ्यांना कोण सांभाळणार?"

"तुम्ही," आई म्हणाली.

तिने लेकीला दंडाला धरून उठवलं आणि मधली खुर्ची फरफटत सरांच्या पुढ्यात आणली. कपाटावर सरांची स्वतःची व्हायोलिनची पेटी धूळ खात पडली होती. ती खाली काढून तिने त्यांच्या मांडीवर आदळली. सर काहीतरी बोलणार होते, पण आईने खुर्चीकडे नुसतं बोट केलं. आठ मुलं बघत होती. सर पेटी घेऊन उठले आणि त्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आता तू," आई लेकीला म्हणाली, "पहिल्यापासून. कुणासाठी थांबायचं नाही."

लेकीने उभ्यानेच सुरुवात केली. छोटीची पेटी कधीच वेळेवर बंद होत नसे. तिचं व्हायोलिन अजून हातातच होतं. धून सुरू होताच सवयीने तिनेही ते खांद्याला लावलं.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर लेकीचा गज अडखळला.

"पुढे!" आई ओरडली. तिचाही आवाज चिरकला.

लेकीचे डोळे भरले, पण गज तारेवरून उचलला नाही. ती पुढे गेली. मागे छोटीचा गज नेहमीसारखा दुसऱ्या तारेवर घसरला. छोटी थांबली आणि ताईकडे बघू लागली. ताईने मान वळवली नाही.

मग छोटीने मधल्या खुर्चीकडे पाहिलं. सरांच्या मांडीवरची पेटी अजून उघडलेली नव्हती.