साठची फरशी

निवृत्त गणितशिक्षिका बाईंना स्वयंपाकघरात ऐंशी सेंटिमीटरची फरशी हवी होती. मिस्त्रीने टेप धरून मापं घेतली, तीनशे साठ बाय तीनशे.

"ऐंशीची नको, बाई. कडेला तुकडे लावावे लागतील. साठची घ्या. न कापता बसणारी सगळ्यात मोठी चौरस फरशी तीच."

बाईंना ते खरं वाटेना. त्यांनी पेन्सिलीने भिंतीवरच दोन्ही संख्यांचे मूळ अवयव पाडले. सामाईक निघाले दोन, दोन, तीन आणि पाच. गुणाकार साठ!

"अहो मिस्त्री, इतका पक्का मसावि शिकवला कोणी तुम्हाला?"

"तुम्हीच. सातवी ब, शेवटचा बाक. तेव्हा भोपळा दिला होतात."

"अरे गुलामा!" बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी भिंतीवर भलीमोठी बरोबरची खूण केली. "एवढा तुकडा रंगवायचा नाही हं!"