पांढरं बटण

साखऱ्याच्या शाळेत करुणाबाई सातवीच्या पोरांना संभाव्यता शिकवत होत्या. कापडी पिशवीत पाच लाल आणि पाच पांढरी बटणं. न बघता एक काढायचं, फळ्यावर रेघ मारायची, बटण परत टाकायचं.

पुनमनं दहादा हात घातला. दहाही वेळा पांढरंच आलं.

"चाचपून काढतीस का गं?"

"न्हाई बाई. आतून कोणीतरी हातात देऊन राहिलं."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. खरं काय ते कळल्याशिवाय त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली, शिवण तपासली, पाचही पांढरी बटणं स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि फक्त लाल बटणं पिशवीत भरली.

"आता काढ."

पुनमनं पांढरं काढलं.

बाईंनी पर्स उघडली. पाचही पांढरी तिथंच होती. त्यांनी फळ्यावर पुनमच्या नावापुढं अकरावी रेघ मारली, बाही वर सारली आणि स्वतःचा हात पिशवीत घातला.

बाहेरून पिशवीत फक्त त्यांच्याच हाताचा फुगवटा दिसत होता. बाईंनी हात मागं घेतला नाही. आत इवल्या, गार बोटांनी त्यांची मूठ उघडायला सुरुवात केली होती.