दाराखालची फट
मुलगा दुपारपासून बाथरूमची कडी लावून बसला होता. बापाने मोबाईलचं कव्हर काढलं आणि समुपदेशक बाईंच्या स्पीकरवरच्या चालू कॉलसकट तो दाराखालच्या फटीतून आत सरकवला. "तळपायाला काय जाणवतंय?" बाईंनी विचारलं. "फरशी, मॅडम. गार." "छान. आवाज येताहेत?" "येताहेत. बाबाच बोलतायत. संपव एकदाचं, म्हणतायत." बापाने तोंडावर हात दाबला. असलं काही त्याने जन्मात म्हटलं नव्हतं, पण मुलाच्या डोक्यातला आवाज हुबेहूब त्याचाच होता. "बोलू देत. तू लक्ष फरशीवर ठेव," बाई म्हणाल्या, आणि दोन टक्के बॅटरीवरच्या मोबाईलने मान टाकली. आत चिडीचूप झालं. बापाच्या ओठांवर हाक आली. ती दिली असती तर मुलाला तो डोक्यातल्या आवाजाचाच हुकूम वाटला असता. पालथं पडून त्याने फटीतून बोटं घातली. बोटांवर हळूच तळपाय टेकला. "इथे फरशी गरम आहे, मॅडम."