चौथा कोपरा

घरच्या शिवणकामाच्या दुकानासाठी नमुने दाखवणारा क्यूआर कोड सुनेने मोबाइलवर फुकटात बनवला, पण बोर्ड छापायला दुकानाचं महिन्याचं भाडं गेलं असतं. सासूबाई म्हणाल्या, "चौकोनच तर आहेत! मी भरते." आठ दिवस खपून त्यांनी तो चादरीच्या तुकड्यावर फुलीच्या टाक्यांनी भरून दारावर टांगला. कुणाचाच मोबाइल तो वाचेना. सासूबाई हिरमुसल्या. सुनेने कापड मोबाइलमधल्या कोडच्या चित्राशी ताडून पाहिलं. "आई, मोठे चौकोन तीनच कोपऱ्यांत असतात. हा चौथा कुठला?" "अगं, कोपरा बोडका दिसत होता. तू विसरली असशील म्हणून मीच घातला." हसून दोघींची मुरकुंडी वळली. कोपरा उसवून चित्राबरहुकूम भरला. शेजारच्या चावीवाल्याने मोबाइल धरायचा अवकाश, नमुने झरझर उघडले. "काकू, मलाही असा भरून द्या!" सासूबाईंनी चष्मा सरळ केला. "देते. पण चौथ्या कोपऱ्यात चौकोन मागू नका. तिथे नसतोच!"