के वर्गातला माणूस

शवपेटीपाशी आलेल्या मिसेस गिलहूलींनी फिंटन गेराटींच्या थंड हातांवर आपला हात ठेवला आणि वाकून काहीतरी पुटपुटल्या. डर्वलाला वाटलं, प्रार्थना असेल. पण ती वडिलांच्या उशाशीच उभी होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. शाळेच्या वळणावरच्या गटाराचं झाकण अजून बसवलेलं नव्हतं.

संध्याकाळपासूनची ही तिसरी तक्रार. वडील वीस वर्षं जिल्हा कौन्सिलवर होते, आणि लोकांच्या सवयी एका दिवसात जात नाहीत. फरक इतकाच, की आज ते कोणाला ‘बघतो’ म्हणाले नाहीत.

गावातल्या निम्म्या लोकांना चष्मे, दातांची तपासणी, आजारपणाचा भत्ता त्यांनीच मिळवून दिला होता. त्या लोकांच्या पगारातून सरकारी विम्याचा हप्ता कापला जाई, आणि त्याच्या बदल्यात हे मिळे. हप्ता वडिलांच्या मानधनातूनही कापला जाई. पण लोकप्रतिनिधींचा विमा-वर्ग निराळा, ‘के’ नावाचा. या ‘के’ वर्गाने भरायचं आणि विसरायचं. चष्मा नाही, दात नाहीत, भत्ता नाही, म्हातारपणाच्या पेन्शनला आधार नाही. गेल्या हिवाळ्यात छाती भरलेली असतानाही ते सभांना जात राहिले, कारण घरी बसून हाती काही येणार नव्हतं. एकदा त्यांनी सभेत हा विषय काढला, तर स्थानिक पेपराने त्यांचा जांभई देतानाचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, ‘कौन्सिलरसाहेबांना आता दातही फुकट हवेत.’

अंत्यदर्शनाची रांग ओसरल्यावर डर्वला स्वयंपाकघरात गेली. आई, अट्रॅक्टा, पुढच्या खोलीत पाहुण्यांना चहा देत फिरत होती. स्वयंपाकघरात पार्टीचे स्थानिक अध्यक्ष पॅकी मुलार्की दोन सोबत्यांना घेऊन हॅम सँडविच खात बसले होते.

ते कशाला आलेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कौन्सिलर मध्येच गेला तर निवडणूक होत नाही. पार्टी त्याच्या जागी माणूस बसवते, आणि तो माणूस बहुतेक त्याच घरातला असतो. डर्वला एकुलती एक. या घराने त्या खुर्चीला पुरेसं दिलंय, असं तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

पॅकींनी आधी फिंटनचं कौतुक केलं, मग सँडविचचं. मग घसा साफ केला.

“खुर्ची घरातच राहायला हवी, पोरी. लोकांना गेराटी हे नाव हवंय.”

“नाव शवपेटीवर आहे,” डर्वला म्हणाली.

पॅकींनी समजूतदारपणे मान हलवली. रात्रीबेरात्री फोन उचलणारं माणूस हवं, ते सांगू लागले. कोणाच्या घरी काय चाललंय याची खबर असणारं. शांत, पण वेळ आली तर एखाद्याला झापणारं.

गेली बारा वर्षं डर्वला गॉलवे शहरात राहत होती आणि रविवारी घरी फोन करत होती. हा माणूस किती सहज खोटी स्तुती करतो, याचं तिला नवल वाटलं. मग मात्र तिने मनात साठलेलं सगळं सांगून टाकलं. बदल्यात काहीच मिळणार नसेल तर तो विमा कसला? एखाद्या बसड्रायव्हरला असं भरायला सांगा, दुसऱ्या दिवशी बस जागची हलणार नाही.

पॅकींना हे पटत नव्हतं. सगळ्यांच्या भांड्यात सगळ्यांनी घालायचं असतं. वर बसलेल्याने तर आधी घालावं, आणि परत मागू नये.

“मग त्याला देणगी म्हणा.”

“देणगी म्हटलं तर देईल कोण?” पॅकींनी अगदी मनापासून विचारलं.

सोबत्यांपैकी एकाला हसू आलं. त्याने ते सँडविचने दाबलं.

“ऐका, पॅकी,” डर्वला म्हणाली. “डॅडी त्या खुर्चीत झिजले, आणि त्यांना साधा चष्माही मिळाला नाही. मी तिथे बसणार नाही. तुम्ही कितीही गळ घाला.”

पॅकींनी ओठांवरचा लोण्याचा डाग पुसला आणि दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात किटली भरायला आई आत आली. तिघेही ताडकन उठून उभे राहिले. विधवेचा मान राखतायत, डर्वलाच्या मनात आलं. निदान एवढी तरी लाज आहे यांना.

“बसा, कौन्सिलर,” पॅकी म्हणाले आणि त्यांनी आईसाठी खुर्ची ओढली.

डर्वलाने आईकडे पाहिलं. आईने किटली नळाखाली धरली.

“हप्त्याची काळजी करू नकोस गं,” ती म्हणाली. “वयाची सहासष्ट वर्षं उलटली की कापत नाहीत. हो म्हणायच्या आधीच विचारून घेतलं मी.”