सतरा नंबरचा नळ

"हा नळ बसवला कुठल्या गाढवानं?" प्लंबरकाका मास्कमधूनच ओरडले. मग त्यांना आठवलं. चार वर्षांपूर्वी तो आपणच बसवला होता.

खोलीतली पोरगी दारात उभी होती. हसली नाही.

"आत वायसरच नाही बघ," काका जरा खालच्या आवाजात म्हणाले. "मी विसरलो असेन. पण मग चार वर्षं गळला कसा नाही?" नळाच्या मानेवर ओरखडे होते. जुना माल, म्हणून काकांनी सोडून दिलं.

साथ आली, कॉलेज बंद पडलं, होस्टेलच्या पोरी घरी गेल्या. लांबच्या चार-पाच जणी अडकल्या, त्यातली ही सतरा नंबरची. एका मजल्यावर एकच पोरगी. डबा दाराबाहेर ठेवायचा आणि वर कुणी फिरकायचं नाही, असा रेक्टरबाईंचा हुकूम. काकांना तेवढी सूट, तीही गेटवरच्या वहीत तक्रार असेल तरच.

काकांनी नवा लाल वायसर घातला. नळ बंद. एक थेंब नाही. हात पुसता पुसता त्यांचं खोलीकडं लक्ष गेलं. भरदिवसा पडदे ओढलेले. कालचा डबा तसाच, परवाचाही तसाच. आणि टेबलावर सामानाचे गठ्ठे, प्रत्येकावर चिठ्ठी. पुस्तकं एका मैत्रिणीला, स्वेटर दुसरीला, दिवा धाकट्या बहिणीला.

"घरी निघालीस वाटतं?"

"नाही." तिनं हातातलं घड्याळ काढून पुढं केलं. "काका, हे तुमच्या मुलीला द्या. मला नको आता."

काकांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा त्या चिठ्ठ्यांकडं. पण तोंड त्यांचंच. "मला कुठली मुलगी? दोन रेडे आहेत घरी. वेळ बघायची अक्कल नाही त्यांना. ठेव तुझ्याकडंच."

मग ते परत नळाकडं वळले. तिच्याकडं पाठ करून वायसर काढला आणि खिशात टाकला.

"आज नाही जमत. उद्या दहाला येतो. तोवर घड्याळ लावून मोज, मिनिटाला किती थेंब पडतात. नीट मोज हां, त्यावरच सगळं काम आहे."

त्यावर कसलंही काम नव्हतं.

खाली जाऊन त्यांनी रेक्टरबाईंना सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी लगेच पोरीला फोन लावला. पोरगी म्हणाली, मी मजेत आहे. वडिलांना लावला. वडील म्हणाले, आम्हाला पण मजेत आहे म्हणते.

"डॉक्टरांचा नंबर दिलाय तिला. करते म्हणाली."

"करते म्हणाली. केला का?"

"मिस्त्री, तुम्ही नळ बघा."

तर काका नळ बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी वहीत सतरा नंबर होताच. "सव्वीस थेंब," पोरगी म्हणाली. काकांनी डॉक्टरसारखं तोंड केलं. "वाढलेत. तो पडदा सार आधी, मला दिसत नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "समोर बसून चार घास खा. उपाशी माणूस बघितलं की माझा पाना घसरतो." रोज वायसर घालायचा, रोज काढायचा. रोज वहीत सतरा.

"ते लॅपटॉपातले मास्तर काय शिकवतात गं?"

"माहीत नाही. दोन महिने लावलाच नाही. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन असतात, काका. मी गेले तर एक चौकोन कमी होईल, एवढंच."

काकांचा हात थांबला. "आमच्याकडं एवढासा वायसर गेला तरी अख्खी टाकी रिकामी होते," ते म्हणाले, आणि उगाचच ठोकाठोक करत बसले.

गेटवरचा वॉचमन रोज टोमणा मारायचा. "काय काका, एक नळ आणि तीन आठवडे? हात गेला वाटतं."

"हात जागेवर आहे. तुझी जीभ आवळून देऊ का?"

पण शेवटी ते बाईंच्या कानावर गेलं. बाईंनी कोरा करकरीत नळ मागवला आणि काका तो बसवेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. काकांना काही करता आलं नाही. नळ एकदम कोरडा.

"आता नाही गळायचा," काका म्हणाले.

"बरं," पोरगी म्हणाली. टेबलावरचे गठ्ठे अजून तिथंच होते. चिठ्ठ्याही.

दुसऱ्या दिवशी वही कोरी.

"जरा वर जाऊन येतो."

"वहीत काय आहे?" वॉचमननं विचारलं. "नोकरी घालवाल माझी."

काका जिन्याखाली बसून राहिले. संध्याकाळी घरी गेले, पण जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशीही वही कोरी. काकांनी वहीला बांधलेलं पेन उचललं. चौथीतून शाळा सोडलेली, एकेक अक्षर जुळवत बसले. 'स' काढून झाला, तेवढ्यात वॉचमनचा फोन वाजला.

"सतरा नंबर," वॉचमन म्हणाला. "नवा नळ गळतोय म्हणे. काका, आता मात्र कमाल झाली तुमची."

काका ऐकायला थांबलेच नाहीत. तीन मजले, साठीचे गुडघे.

दार उघडंच होतं. पोरगी खाली बसलेली, डोळे सुजलेले. नळाची धार लागली होती. काकांनी पाण्याची खालची चावी बंद केली, नळ खोलला. आत वायसर नव्हता. कोऱ्या नळाच्या मानेवर ओरखडे होते आणि बेसिनवर कात्री पडली होती.

"वायसर कुठाय?"

तिनं कंपासपेटी उघडून पुढं केली. आत दोन वायसर होते. एक लाल, नव्या नळातला. दुसरा काळा, दाबून दाबून चपटा झालेला. काळे वायसर बाजारातून जाऊन तीन वर्षं झाली होती. काकांनी तो उचलून उजेडात धरला.

"हा कधीचा?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना काका," पोरगी म्हणाली, "त्याच्या आदल्या दिवशीचा."